आमच्या वर्गाची जमीन घेऊ नका: कुलगुरू आणि विद्या परिषदेला खुले पत्र

मा. कुलगुरू महोदय आणि विद्या परिषदेचे सन्माननीय सदस्य,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या कार्यालयाकडून दोन पानांचं परिपत्रक आलं. लँडस्केप आर्किटेक्चरच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाबद्दल त्यात चार निर्णय आहेत. इमारतीच्या मागची नर्सरी आणि तिला लागून असलेला उतार क्रीडा सुविधेसाठी घेतला जाईल आणि तिथे कृत्रिम हिरवळीचं टर्फ होईल. वनस्पतींचे दोन सत्रांचे सक्तीचे विषय एकत्र करून त्यांचा एकच ऐच्छिक विषय होईल. स्थळभेटी वर्षाला चार, त्याही फक्त जानेवारी आणि फेब्रुवारीत. आणि नर्सरीच राहणार नसल्याने माळ्याच्या जागेची आवश्यकता उरत नाही.

विभागप्रमुखांमार्फत मी लेखी हरकत दिली. भेटीची वेळ दोनदा मागितली. उत्तर आलं नाही. १ जूनला मागच्या जमिनीवर यंत्र येणार असं ठेकेदाराच्या माणसाकडून कळलं, विद्यापीठाकडून नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. इथून बाहेर पडणारी मुलं ठाण्यातल्या तलावांचे काठ, नवी मुंबईतल्या सोसायट्यांचे उतार, रस्त्याकडेची झाडं यांचे आराखडे काढतात. त्यांना काय शिकवलं जातं आणि काय शिकवणं बंद होतं आहे, हे या दोन्ही शहरांतल्या लोकांना कळायला हवं.

मी या विभागात १९ वर्षं शिकवते आहे. पण या विषयाशी माझं नातं त्याच्या आधीचं आहे.

माझा जन्म बेलापूर पट्टीतल्या आगरी घरातला. आमचं खाजण होतं. खाडीचं पाणी बांधाने अडवून वडील त्यात रता भात लावायचे. खारं सोसणारं, लाल तांदळाचं भात. बांधाला उघाडी होती, म्हणजे लाकडी झडप. ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून बाहेर जायचं आणि भरतीला खाडीचंच पाणी तिला दाबून बंद करायचं. उधाणाच्या रात्री वडील कंदील घेऊन बांधावर फेरी मारायचे, कारण खेकड्याच्या बिळाएवढं भोकही सकाळपर्यंत बांध फोडू शकतं. दुरुस्ती करायची ती भांगाच्या दिवसांत, पाणी कमी चढतं तेव्हा. १९७० मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं, ९५ गावांच्या जमिनी संपादनात आल्या, आणि पुढे आमचं खाजणही गेलं. त्या दुःखाची कहाणी या पत्राचा विषय नाही.

पुष्कळ वर्षांनी, लँडस्केपचं शिक्षण घेऊन परत आल्यावर, मी पहिल्यांदा नवी मुंबईतल्या एका धारण तलावाच्या झडपेपाशी उभी राहिले. ती लोखंडी होती, आकाराने खूप मोठी होती, पण काम तेच करत होती. ओहोटीला उघडत होती, भरतीला मिटत होती. वडिलांची उघाडी. त्या दिवशी मी ठरवलं की शिकवायचं तर इथेच, या पट्टीत, आणि मुलांना काठावर उभं करून.

आता हरकतींकडे येते. पहिली स्थळभेटींबद्दल आहे आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात गंभीर आहे.

नवी मुंबईत लँडस्केप शिकायचं म्हणजे आधी पाणी शिकायचं. एका बाजूला पारसिकची डोंगररांग, दुसऱ्या बाजूला ठाणे खाडी, मधल्या अरुंद पट्टीवर शहर. डोंगरावरचं पाणी थोड्या अंतरात धावत खाली येतं, आणि खाली, भराव घातलेल्या खाजणात, पुष्कळ ठिकाणी जमीन मोठ्या भरतीच्या पातळीच्याही खाली आहे. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले तर पावसाच्या पाण्याला खाडीत जायला वाट राहत नाही. ते काही तास थांबवून ठेवायला हवं, म्हणून शहर वसवताना डच धर्तीवर धारण तलाव ठेवले गेले. हे सगळं मी वर्गात पडद्यावर २० मिनिटांत सांगू शकते. मुलं लिहून घेतात, परीक्षेत बरोबर लिहितात, आणि पुढच्या स्टुडिओत तलावाच्या काठावर ॲम्फीथिएटर काढतात, तेही भरतीच्या पातळीच्या खाली.

म्हणून दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये, भरती साडेचार मीटरच्या वर जाणार असेल असा दिवस तक्त्यात बघून मी त्यांना काठावर नेते. भरतीच्या दोन तास आधी पोहोचायचं. एका गटाने पाण्यात रोवलेल्या पट्टीवर दर दहा मिनिटांनी पातळी वाचायची. दुसऱ्याने झडपेवर लक्ष ठेवायचं. तिसऱ्याने आतल्या रस्त्यावर, गटाराच्या तोंडाशी उभं राहायचं. पाऊस चालूच असतो, वह्या भिजतात, म्हणून आकडे पेन्सिलीने पाटीवर लिहितो. झडप मिटते तेव्हा आवाज होत नाही. पण थोड्या वेळाने गटाराच्या तोंडाशी वाहणारं पाणी मंद होतं, थांबतं, आणि मग उलटं वर चढायला लागतं. तिसऱ्या गटातलं कोणीतरी ओरडतं. ते एकदा पाहिलेली मुलगी पुढे कधीही सोसायटीच्या पार्किंगचा उतार रस्त्याकडून आत काढत नाही. तिला नियम आठवावा लागत नाही, ते चढणारं पाणी आठवतं.

याच काठावर आमच्या विषयातला आजचा सगळ्यात अवघड प्रश्नही उभा आहे. अनेक धारण तलावांत गाळ साचला, आणि गाळावर खारफुटी वाढली. गाळ तसाच ठेवला तर तलावात पाणी मावत नाही आणि वस्तीत शिरतं. काढायचा तर खारफुटीला हात लागतो, आणि २०१८च्या उच्च न्यायालयाच्या निकालानंतर न्यायालयाच्या परवानगीशिवाय खारफुटी तोडता येत नाही. तसंच असायला हवं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण मग तलाव कसे चालवायचे? कुठला भाग मोकळा करायचा, कुठली खारफुटी राखायची, नवी जागा कुठे द्यायची? याचं तयार उत्तर कुठल्याही पुस्तकात नाही. पुढची काही दशकं या शहराला हा प्रश्न सोडवत राहावं लागेल आणि तो सोडवणारी माणसं कुठल्यातरी वर्गात आज बसलेली आहेत. ती आपल्या वर्गात असावीत अशी माझी इच्छा आहे.

जानेवारीत त्याच काठावर पाणी शांत असतं, चिखल भेगाळलेला असतो, आणि नशीब असेल तर फ्लेमिंगोंचा थवा दिसतो. तोही पाहायला हवा. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ मध्ये ती रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ठरली, आणि आपलं विद्यापीठ तिच्यापासून काही मिनिटांवर आहे. असं भाग्य फार थोड्या लँडस्केप विभागांना मिळतं. पण फक्त हिवाळ्यात जमीन पाहिलेल्या विद्यार्थ्याने अर्धीच जमीन पाहिलेली असते. आधीच प्रवेशाच्या फेऱ्या लांबत जातात आणि पहिल्या वर्षाचे वर्ग भरेपर्यंत पाऊस परतीला लागतो. दुसऱ्या वर्षाचा पावसाळा एवढाच काय तो हातात राहतो. परिपत्रकाने तोही काढून घेतला.

या निर्णयामागचं कारण मला ठाऊक आहे आणि मी ते टाळणार नाही. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये एक विद्यार्थिनी बांधावर घसरली आणि तिच्या घोट्याचं हाड मोडलं. त्या दिवशीची जबाबदारी माझी होती. तिच्या पायात साधे बूट होते हे मला दिसलं होतं. मी तिला काठावर जाऊ द्यायला नको होतं. तिच्या आईवडिलांसमोर मी हे मान्य केलं आणि इथेही करते. त्यानंतर सप्टेंबरमध्ये मी विद्यापीठाला एक पानाचा प्रस्ताव दिला: विभागाकडे २५ जोड गमबूट, दोर, प्रथमोपचाराची पेटी, प्रत्येक भेटीला दोन प्रशिक्षित मदतनीस, सर्व विद्यार्थ्यांचा अपघात विमा, आणि भेटीच्या आदल्या दिवशी विभागप्रमुखांची सही. त्या प्रस्तावावर आजवर एक ओळही आलेली नाही. सुरक्षिततेची काळजी खरी असेल तर आधी गमबूट यायला हवे होते. पावसाळाच बंद करणं हा उपाय वैद्यकीय महाविद्यालयात संसर्ग झाला म्हणून वॉर्ड बंद करण्यासारखा आहे.

दुसरी हरकत नर्सरीबद्दल आणि उताराबद्दल.

परिपत्रकात या जागेला 'वापरात नसलेला मागील भूखंड' म्हटलं आहे. हे शब्द ज्यांनी लिहिले त्यांनी तिथे येऊन पाहिलं असतं तर ते लिहू शकले नसते. सुमारे १८ मीटर लांबीचा तो उतार आहे. २००९ पासून प्रत्येक तुकडीने त्यावर काहीतरी बांधलं आहे. पायऱ्या, चर, दगडी गडगा, पाणी जिरवायचा खड्डा. कागदावर शंभराला दोनचा उतार काढणं आणि डंपी लेव्हल, म्हणजे जमिनीची पातळी मोजायची दुर्बीण लावून, दोरी ताणून तोच उतार मुरमात आणणं यात किती अंतर आहे, ते मुलांना तिथे कळतं. पहिल्यांदा प्रत्येकाचा उतार चुकतो. पाणी मध्येच थांबून डबकं होतं. मग खोऱ्याने परत ओढायचं, परत बादलीभर पाणी ओतायचं.

एका तुकडीने तिथे मातीला अडवणारी भिंत बांधली आणि तिला पाणी निघायची भोकंच ठेवली नाहीत. मी मुद्दाम सांगितलं नाही. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात भिंतीने पोट काढलं, तिसऱ्या आठवड्यात ती आडवी झाली. मागे साठलेल्या पाण्याचा भार किती असतो याचं सूत्र त्यांना पाठ होतं. त्या सूत्राचा अर्थ त्या सकाळी कळला. त्या तुकडीतला एक जण आज घोडबंदर रोडला डोंगराच्या पायथ्याशी होणाऱ्या वसाहतींची कामं करतो. येऊरच्या उतारावरून येणारं पाणी त्याच्या भिंतींमागे येतं. तो अजूनही मला पावसाळ्यात त्याच्या भिंतींतून वाहणाऱ्या धारांचे फोटो पाठवतो.

जमिनीत पाणी किती वेगाने जिरतं हेही आम्ही तिथेच मोजतो. एकाच आकाराचे दोन खड्डे, एक उताराच्या वरच्या टोकाला मुरमात, दुसरा खाली, जिथे भरावाखाली खाडीची चिकट काळी माती लागते. दोन्हींत सारखं पाणी ओतायचं आणि घड्याळ लावायचं. वरचा खड्डा बघता बघता रिकामा होतो. खालच्यात दुपारच्या जेवणानंतरही पाणी उभं असतं. नवी मुंबईत सगळीकडे एकाच नमुन्याचे पाणी जिरवायचे खड्डे का चालत नाहीत, यावर मला वेगळं व्याख्यान द्यावं लागत नाही.

नर्सरीबद्दल एक दाखला देते. दिल्लीतली सुंदर नर्सरी आज देशभरातले लोक बघायला जातात. नवी दिल्ली वसवताना तिथल्या रस्त्यांवर कोणती झाडं तग धरतील हे तपासण्यासाठी तिथे रोपं लावून पाहिली गेली. पुढे आपल्या देशातले थोर लँडस्केप आर्किटेक्ट आणि शिक्षक मोहम्मद शहीर यांनी त्या जागेचा आराखडा केला आणि २०१८ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. शहर घडवायचं तर आधी रोपं वाढवून बघावी लागतात, हे शंभर वर्षांपूर्वीच्या लोकांना कळलं होतं. आपली नर्सरी सुंदर नर्सरीपुढे अंगणाएवढीही नाही. पण तिथे काम तेच चालतं. खाऱ्या वाऱ्यात काय जगतं, भरावाच्या मातीत कशाची मुळं खाली जातात आणि कशाची वरच राहतात, याच्या नोंदी १५ वर्षांच्या आहेत. त्या वह्या माझ्या कपाटात आहेत आणि आपल्यापैकी कुणालाही दाखवायला मी तयार आहे.

टर्फबद्दल माझा खेळाला विरोध नाही. मुलांना खेळायला जागा हवीच. पण मुख्य दारापाशी डांबर घातलेला, निम्मा वेळ रिकामा असणारा वाहनतळ आहे. तिथे टर्फ का होऊ शकत नाही, हे परिपत्रकात नाही. प्लास्टिकची हिरवळ एप्रिल-मेच्या उन्हात गवतापेक्षा कितीतरी जास्त तापते, आणि उतारावर आज जिरणारं पाणी उद्या मागच्या सेक्टरच्या गटारात जाईल. त्या सेक्टरमध्ये दर पावसाळ्यात आधीच पाणी तुंबतं. लँडस्केप शिकवणाऱ्या संस्थेने शेजाऱ्यांच्या दारात पाणी सोडावं, हे मला सहन होत नाही.

तिसरी हरकत वनस्पतींच्या विषयांची. झाड वर्षभर पाहावं लागतं. पांगारा फेब्रुवारी-मार्चमध्ये निष्पर्ण होऊन फुलतो. ताम्हण आणि बहावा उन्हाळ्यात. कदंबाचे चेंडू पावसात. सातवीण ऑक्टोबरनंतर, रात्री वासाने ओळखू येते. हे एका सत्रात बसत नाही, कारण ऋतू विद्यापीठाच्या वेळापत्रकाप्रमाणे येत नाहीत. आणि ऐच्छिक केल्यावर कितीजण हा विषय घेतील? एखाद्या तुकडीत चार. बाकीचे पदवी घेऊन बाहेर पडतील आणि ठेकेदार जे देईल ते रोप लावतील. त्याचे परिणाम आपण पाहतो आहोत. जिथे तिथे लावलेल्या कोनोकार्पस या परदेशी झाडावर शेवटी गुजरात सरकारला २०२३ मध्ये बंदी आणावी लागली, आणि आपल्या विद्यापीठाच्या नव्या कुंपणाला गेल्या वर्षी तोच लावला. मला विचारलं गेलं नव्हतं. मुंबईच्या रस्त्यांवर रांगेने लावलेले पर्जन्यवृक्ष पिठ्या ढेकणाने वाळले तेव्हा रस्तेच्या रस्ते उघडे पडले, कारण रांगेत दुसरं झाडच नव्हतं. या किनाऱ्याला उंडी आहे, भेंड आहे, करंज आहे. त्या शहरी आराखड्यात आणायच्या तर आराखडा काढणाऱ्याला त्या ओळखता यायला हव्यात.

चौथी हरकत माळीमामांची.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, त्यांनाच ते आवडणार नाही. ते शहापूरकडचे. १४ वर्षं कंत्राटावर आहेत, दर ११ महिन्यांनी नवा कागद. आमच्या विभागाच्या कुठल्याही माहितीपत्रकात त्यांचा उल्लेख नाही, पण प्रत्येक माजी विद्यार्थी आधी त्यांना भेटतो, मग मला. रोप पिशवीतून काढल्यावर मुळं गोल गुंडाळलेली असतील तर ती तशीच लावायची नाहीत, हे त्यांनी शिकवलं. झाड लावताना काळी पिशवी न फाडता तशीच गाडून टाकलेली मी शहरभर पाहिली आहे. तीन-चार वर्षांनी वादळात ती झाडं उपटतात आणि खाली पिशवीच्या आकाराचा मुळांचा गोळा निघतो. आळं किती रुंद करायचं, पाणी बुंध्याशी घालायचं की फांद्यांच्या घेराशी, सरळ वाटणाऱ्या रोपाला काठी कधी लावायची आणि कधी काढायची. हे सगळं मुलं त्यांच्याकडून शिकतात. 'आवश्यकता राहत नाही' हे तीन शब्द त्यांना एका कारकुनाने वाचून दाखवले. त्यांच्या वाट्याला एवढीच भाषा आली, याची मला लाज वाटते.

पाचवी गोष्ट पद्धतीबद्दल, थोडक्यात. या चारही निर्णयांआधी विभागाच्या अभ्यास मंडळाची बैठक झाली नाही. विद्यार्थ्यांना विचारलं नाही. ज्या सदस्यांनी हात वर केले त्यांच्यापैकी किती जण मागच्या उतारावर कधी आले होते, हे त्यांनी स्वतःला विचारावं.

परिपत्रकात असंही म्हटलं आहे की उद्योगांना आता सॉफ्टवेअर येणारे पदवीधर हवेत आणि वाचलेले तास त्यासाठी वापरता येतील. सॉफ्टवेअर हवंच. मी स्वतः शिकवते. पण माती, उतार, पाणी, झाडं यांचे नकाशे एकावर एक ठेवून जमीन वाचायची जी रीत आज संगणकावर आहे, ती इयन मॅकहार्ग यांनी १९६० च्या दशकात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पारदर्शक कागदांवर रुजवली. प्रत्येक कागदावरची रेघ कोणीतरी जमिनीवर जाऊन आणलेली होती. चुकीची रेघ संगणकात घातली तर चूकच अधिक सुबक दिसते. गेल्या वर्षीच्या ज्युरीत, म्हणजे आराखड्यांच्या तोंडी परीक्षेत, बाहेरून आलेल्या एका परीक्षकांनी एका विद्यार्थ्याच्या अतिशय देखण्या शीटवर बोट ठेवून विचारलं, 'हे पाणी कुठे जातं?' त्याला सांगता आलं नाही. तो विद्यार्थी माझा होता, त्यामुळे ते अपयश माझंही आहे. वर्गाबाहेर आणखी कमी वेळ दिला तर असे विद्यार्थी वाढतील.

आपल्या देशात या विषयाचं औपचारिक शिक्षण तसं तरुण आहे. दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रम १९७२ मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी वास्तुविशारदांसाठी स्वतंत्र कायदा झाला. लँडस्केप आर्किटेक्टसाठी तसा स्वतंत्र कायदा आजही नाही. त्यामुळे आमच्या पदवीची किंमत फक्त एका गोष्टीवर ठरते: पदवीधराला प्रत्यक्षात काय येतं यावर. ते येणं ज्या जागेत घडतं ती जागा काढून घेतली तर पदवीचा कागद राहील, त्यामागे काही राहणार नाही. अशा पदवीवर शिक्षक म्हणून सही करणं मला जमणार नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत.

नर्सरी आणि उतार यांवरचं टर्फचं काम ताबडतोब थांबवावं, आणि टर्फसाठी वाहनतळाच्या जागेचा विचार करावा. मागच्या जमिनीची नोंद विद्यापीठाच्या कागदपत्रांत 'क्षेत्रीय प्रयोगशाळा' अशी व्हावी, म्हणजे पुन्हा कोणी तिला वापरात नसलेली म्हणणार नाही.

वनस्पतींचे दोन्ही विषय सक्तीचे, दोन सत्रांत, पूर्वीसारखे राहावेत.

स्थळभेटींची संख्या पूर्वीएवढी करावी आणि त्यांतल्या किमान एक तृतीयांश जून ते सप्टेंबरमध्ये असाव्यात. त्यासाठी माझा सप्टेंबरचा सुरक्षिततेचा प्रस्ताव मंजूर करावा किंवा त्यात दुरुस्त्या सुचवाव्यात. गमबूट, विमा आणि मदतनीस नसताना एकही भेट होऊ नये, ही अट मी स्वतःवरही घालून घेते.

माळीमामांना कायम करावं. त्यांचं पद 'क्षेत्र प्रशिक्षक' असं असावं आणि त्यांचा पगार त्या पदाला साजेसा असावा. या मागणीवर मी तडजोड करणार नाही.

अभ्यास मंडळाची बैठक बोलावून तिथे हे चारही निर्णय पुन्हा मांडावेत, विद्यार्थी प्रतिनिधींसह, आणि तिचं इतिवृत्त सगळ्यांना वाचायला मिळावं.

आपल्यापैकी ज्यांना निर्णयाआधी जागा पाहायला वेळ मिळाला नाही त्यांनी आताही यावं. सकाळी सात ते दहा मी रोज तिथे असते. मुलं सुट्टीवर गेली आहेत, पण माळीमामा आहेत.

आणि एक तातडीची विनंती, बाकीच्या मागण्यांवर आपण काहीही ठरवलंत तरी. नर्सरीत आज उंडी, भेंड, करंज आणि समुद्रफळ यांची रोपं आहेत. बरीचशी दोन-तीन वर्षांची झाली आहेत, आणि त्यांची मुळं पिशवी फोडून खाली जमिनीत गेली आहेत. मे महिन्यात ती उचलली तर मुळं तुटतील आणि रोपं जगणार नाहीत. पहिले दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन भिजली की ती उचलता येतात; इथे ते साधारण जूनच्या मध्यापर्यंत होतं. यंत्र १ जूनला येणार आहे. ते निदान १ जुलैपर्यंत थांबवण्याचा आदेश आपण एका ओळीत देऊ शकता. तो आदेश मिळाला तर रोपं कुठे न्यायची याची यादी मी आणि माळीमामांनी करून ठेवली आहे.

आपली विश्वासू,
लँडस्केप आर्किटेक्चरची एक अध्यापिका
नवी मुंबई, १८ मे